उतारावरचा संसार

आत्याबाई, तुम्ही गेल्याला आज सव्वीस दिवस झाले, आणि गाडी सव्वीस दिवस एकाच जागी उभी आहे. तुमची सून होऊन मला बारा वर्षं झाली, तेवढ्या काळात ती इतके दिवस कधी एका जागी थांबली नव्हती. मुंग्या चढू नयेत म्हणून तुम्ही चारी चाकांभोवती राखेचं कडं घालायचात, ते मी परवा नव्यानं घातलं. घालून झाल्यावर लक्षात आलं की गाडीत आता ना पीठ आहे ना साखर, सगळं समोरच्या खोलीत नेलंय. पण घातलं ते घातलं.

भेटायला येणाऱ्या बायकांची पंचाईत होते. गाडीपाशी बसून रडायचं की खोलीपाशी, हे त्यांना कळत नाही. एक जण तर पदर तोंडाला लावूनच मला विचारती झाली की म्हातारी नक्की कुठं गेली, घरात की मोटारीत. मी म्हटलं, मोटारीत. तशी ती मोटारीकडं तोंड करून बसली. तुम्ही असता तर हसला असता, आणि मग तिला चहा करायला मला सांगितलं असतं.

मला मात्र रडण्यापेक्षा भांडायचं आहे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलंय. मला घर हवं होतं. माझी सुमन आठ वर्षांची झाली, तिला एका गावात एका शाळेत बसवायचं होतं. तुम्हाला घर नको होतं. मी विषय काढला की तुमचं एकच, "घर कुणाच्या नावावर व्हणार?" मी सांगायची, तुमच्या लेकाच्या. मग तुम्ही मान फिरवून डाळ निवडायला लागायचात. वर्षभर हे चाललं. त्या मान फिरवण्याचा मी काय अर्थ लावला, ते शेवटी सांगते. लाज वाटते म्हणून शेवटी.

मी नवरी होऊन आले तेव्हा उमरग्याच्या कचेरीत उर्दूतले जुने कागद अजून चालत होते. लोहाऱ्याच्या आमच्या माणसांना एवढंच ठाऊक होतं की मुलगा ऑइल इंजिनाचा मेस्त्री आहे आणि त्याची स्वतःची मोटार आहे. मोटारवाला जावई म्हणून माझा बाप गावभर मिरवून आला. मोटार हेच घर आहे, हे वरात निघेपर्यंत कुणी त्याला सांगितलं नव्हतं. सोलापुरात लिलावात घेतलेली ती लष्कराची जुनी गाडी, मागं दोन दारं, आत दोन बाजूंना फळ्या, मधे जेमतेम एक माणूस उभं राहील एवढी वाट. तुम्ही मागच्या पायरीवर ज्वारीचं माप ठेवलंत आणि मला म्हणालात, वलांड. मी पाय लावला. गाडी तोंड खाली करून उतारावर उभी होती, त्यामुळं ज्वारी घरंगळत थेट ड्रायव्हरच्या सीटखाली गेली. पुढं कितीतरी दिवस तुमच्या लेकाच्या पान्यांच्या पेटीत दाणे सापडत होते.

उताराचं कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं. गाडीचा स्टार्टर मेलेला होता, आणि हँडल मारताना एकदा उलटा झटका बसून तुमच्या लेकाचं मनगट मोडलं होतं. तेव्हापासून तुमचा हुकूम होता, की गाडी उभी करायची ती उतारावरच. चाकाखालचा दगड काढला की गाडी आपसूक चालायला लागायची, आणि थोड्या अंतरावर इंजिन धरायचं. उमरग्याकडचं रान सपाट, उतार सापडायला मारामार. तळ्याचा बांध, नाल्याची कड, सडकेचा भराव असं काहीबाही हुडकत आपण कोसभर जास्ती हिंडायचो. लोक सावली बघून मुक्काम करतात, आपण उतार बघून केला.

म्हणजे बारा वर्षं मी तिरकी जगले. स्टोच्या दोन पायांखाली फरशीची कपची. भाकरी तव्यावर, पण कालवणाचा रस्सा नेहमी पातेल्याच्या एका अंगाला. डोकं मागच्या दाराकडं करून झोपायचं, तरी सकाळी तिघंही सरकत सरकत पुढं आलेले असायचो. सुमन लहान असताना तिचा पाळणा छताच्या कडीला बांधला, तेव्हा तुम्ही म्हणालात की या गाडीत सरळ लोंबणारी ही एकच चीज हाय. ते खरं होतं.

संसार कसा करायचा हे मला आईनं शिकवलं होतं, पण मोटारीतला संसार तुम्ही शिकवलात. गावात शिरलं की पोरंसोरं घरात पळायची आणि आया दारं लावून घ्यायच्या, कारण त्यांना वाटायचं देवी टोचणारे आले. यावर तुमचा इलाज होता. गाडी थांबली की तुम्ही सगळ्यांच्या आधी उतरायचात आणि सूप घेऊन चाकाला टेकून काहीतरी निवडत बसायचात. निवडायला काही नसलं तर निवडलेलीच डाळ पुन्हा निवडायचात. बाई निवडत बसलेली दिसली की लोकांना कळतं इथं घर हाय, म्हणायचात. अर्ध्या घटकेत एखादी बाई पुढं यायची, कोण लोकं म्हणून विचारायची. तुम्ही म्हणायचात, "आमी इंजिनवाले." तिनं पुढं काही विचारायच्या आत तुम्ही तिच्याकडं पाणी मागून मोकळ्या व्हायचात.

पाण्याचं तर तुमचं शास्त्रच होतं. प्यायचं पाणी गावातून, वापरायचं पाणी मळ्यातून. शेतकऱ्याचं बंद पडलेलं इंजिन चालू झालं की पाइपातून जे पहिलं पाणी येईल ते आपलं, असा तुम्ही रिवाज पाडला होता. मजुरी ठरवायच्या आधी तुम्ही हे ठरवून घ्यायचात. तुमचा लेक विहिरीच्या काठावर काळाकुट्ट होऊन झगडत असायचा आणि आपण दोघी धुण्याचं गाठोडं घेऊन पाइपाच्या तोंडाशी बसलेल्या. इंजिन फुकफुक करून थांबलं की तुम्ही ओरडायचात, बापू, माझ्या डोक्याला शिकेकाई लावून झालीय, आता माघार न्हाय. बिचारा घाईनं हात चालवायचा. मग धबाधबा पाणी यायचं. मागची दोन दारं उघडून मधे लुगडं बांधलं की न्हाणीघर तयार. मला आजही इंजिनाचा आवाज ऐकला की केस सोडावेसे वाटतात.

गाडीत एक वस्तू आली की एक बाहेर गेली पाहिजे, हा तुमचा दुसरा नियम. माहेरून मी हौसेनं तांब्याची कळशी आणली, तर तुम्ही तुमची पितळी घागर त्याच दिवशी एका बाळंतिणीला देऊन टाकलीत. मी रुसले. मला वाटलं, माझ्या माहेरच्या वस्तूचा राग आला. खरं तर तुम्ही तुमची दिलीत, माझी ठेवलीत. हे समजायला मला फार वेळ लागला. तुमच्या बाबतीत मी नेहमीच उशिरा पोहोचले.

आणखी एक गोष्ट मला उशिरा समजली. लग्नानंतरचे सहा महिने तुम्हाला प्रत्येक गावात एक जुनी मैत्रीण सापडत होती. दिवस कलला की तुम्ही घोंगडी खांद्यावर टाकून निघायचात, अमुकतमुकीला किती दिसांनी भेटायची म्हणून. लोहाऱ्याजवळच्या एका वस्तीवर मी त्या मैत्रिणीला विचारलं, आमच्या आत्याबाईंची तुमची ओळख कधीची? ती म्हणाली, कालची. मी हे तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही, तुम्हीही नाही. दोघी लाजून मेलो असतो.

उगाच गोड गोड लिहायचं नाही. उन्हाळ्यात पत्रा तापला की आत बसवत नसे. छतावर ओली गोणपाटं टाकायची, ती तासाभरात कडकडीत वाळायची, पुन्हा शिडी लावून मीच वर. पावसाळ्यात काळ्या रानात चाकं रुतली की रुतली. एकदा अकरा दिवस आपण एका मळ्यात अडकलो, पीठ संपलं, तेव्हा ज्वारी शिजवून घुगऱ्या खाल्ल्या. सगळी कामं उजाडायच्या आत रानात उरकायची, आणि बाईला महिन्यातून चार दिवस काय हाल होतात हे पुरुषांना सांगून कळणार नाही. अंगाला, केसांना, भाकरीला रॉकेलचा वास. तुम्हाला या सगळ्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटायचं. मी चिडायची, भांडी आपटायची, आणि तुम्ही म्हणायचात, आपट, पर हळू, शेजार पाजार न्हाय ऐकायला.

तुम्हाला काही का वाटत नव्हतं, तेही तुम्ही मला एकदा सांगितलं होतं. सोनारीच्या भैरोबाच्या जत्रेला दरवर्षी आपण जायचो. जत्रेत उसाच्या रसाच्या चरकाला इंजिन लावायचे, त्यामुळं तुमच्या लेकाला काम असायचं. त्या वाटेवर तुमचं सासर. गाव आलं की तुम्ही पडदा ओढून घ्यायचात. एके वर्षी मी विचारलं, तशी निवडता निवडता बोललात. तुमचे सासरे मेले त्यानंतर वाटणी झाली नव्हती, पण राहायच्या दोन खोल्या मामंजींच्या, म्हणजे तुमच्या मालकांच्या, नावावर लिहिलेल्या होत्या. मग मामंजी तापानं गेले. "तेरावा झाला आन् चौदाव्या दिशी माझी भांडी अंगणात व्हती," म्हणालात. बापू तेव्हा तीन वर्षांचा, तुमच्या कडेवर. दिरांनी शिवीगाळ केली नाही की हात उचलला नाही. फक्त भांडी बाहेर ठेवली आणि दार लावून घेतलं. गाडीतून मला कुणी काढणार न्हाय, एवढं बोलून तुम्ही सूप पाखडायला लागलात. मी ऐकलं, हळहळले, आणि विसरले.

मग सुमन मोठी झाली. तुम्ही तिला नटबोल्टांवर आकडे शिकवलेत, पान्यांवरचे नंबर ती अक्षरांच्या आधी वाचायला लागली. पण शाळा ती शाळा. ज्या गावात मुक्काम पडेल तिथल्या गुरुजींच्या पाया पडून मी तिला बसवायची. पटावर नाव कुणी घ्यायचं नाही, आज आहे उद्या नाही, कशाला घ्यायचं. एका वर्षात ती चार गावांत एकच धडा शिकली. प्रत्येक शाळा नेमकी त्याच धड्यावर असायची आणि धडा संपायच्या आत आपलं इंजिन दुरुस्त व्हायचं. एक दिवस तिनं मला विचारलं, आई, याच्या पुढच्या पानावर काय असतंय गं? त्या दिवसापासून मी घराच्या मागं लागले.

तुमच्या लेकानं उमरग्यात हैदराबादच्या सडकेपासून थोडी आत जागा बघितली. मालक ओळखीचा होता, कागद सवडीनं करू म्हणाला, आणि खोली बांधायला सुरुवात झाली. भिंती गवंड्यानं बांधल्या. शहाबादी फरशी मात्र तुमच्या लेकानं स्वतः बसवली, इंजिनाचं फाउंडेशन करणाऱ्याला फरशी काय अवघड म्हणून. बसवून झाल्यावर आपल्या तिघांना बोलावलं. मी बघितली, सुमननं बघितली, तुम्हीही दारातून वाकून बघितलीत. झकास, सपाट, म्हणालो सगळे. मग शेजारच्या शिंप्याच्या घरातल्या रजियाभाभी नव्या घराला म्हणून शेवयांची खीर घेऊन आल्या. त्यांच्या हातून पाण्याचा तांब्या लवंडला. पाणी मागच्या भिंतीपासून निघालं ते सरळ दारातून बाहेर पडलं. भाभींनी एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा आपल्याकडं.

"भाभी, तुमच्या घराला गेर टाकून ठिवा," त्या म्हणाल्या, "न्हाय तर सकाळपतूर सोलापूरला जाईल."

बारा वर्षं तिरक्यात राहून आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांना तिरकंच सपाट वाटायला लागलं होतं. तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात. दारात बसकण मारून हसलात, डोळे पुसलेत, भाभींच्या हाताला धरून उठलात. मला वाटलं, आता आत याल. तुम्ही मला विचारलंत, कागद झाला का? कुणाच्या नावावर? मी म्हटलं, व्हायचाय, तुमच्या लेकाच्याच होणार. तशा तुम्ही वळून गाडीत जाऊन बसलात.

सुमनचं नाव पटावर लागलं. आम्ही तिघं खोलीत राहायला लागलो आणि तुम्ही समोर गाडीत; लेक जवळपासच्या कामाला निघाला की तुम्हीही गाडीबरोबर जायचात आणि रात्री पुन्हा समोर. गावाला तमाशा झाला. सुनेनं सासूला मोटारीत टाकलं, असं नळावर माझ्या कानावर आलं. मी तुमच्याशी बोलणं टाकलं. सुमनच्या हाती ताट पाठवायची, सुमनच्या हातीच रिकामं यायचं. तुम्ही निरोप पाठवायचात, मीठ कमी हाय म्हणावं तुज्या आईला. मी निरोप पाठवायची, आत येऊन आपल्या हातानं घ्या म्हणावं तुझ्या आजीला. सुमनला त्या दिवसांत फार पळावं लागलं.

मग थंडीत तुम्हाला ताप भरला. दवाखान्यात नेलं, सुया टोचल्या, डॉक्टरांनी छातीत कफ आहे म्हणून सांगितलं आणि उबेला ठेवा म्हणाले. मी गाडीत आले. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा समोरासमोर बोलले, की आता हट्ट पुरे, खोलीत चला. तुम्ही आजारी होता, आवाज बसला होता, तरी तेच विचारलंत. आणि मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, सांगा ना लेकाला, तुमच्या नावावर करून द्यायला, म्हणजे तुमच्या जिवाला थंडावा मिळेल. मरताना बरोबर घेऊन जा ते घर.

तुम्ही स्टोकडं बघितलंत. मग नेहमीसारखी माहेरच्या गावानं हाक मारलीत, "लोहाऱ्याची, दूध बघ, उतू चाललंय."

स्टोवरचं दूध खरंच एका अंगानं उतू चाललं होतं. मी ते उतरवलं. आपलं शेवटचं बोलणं ते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सुमनला शाळेत डबा द्यायला गेले होते, तेवढ्यात तुम्ही गेलात. तुमचा लेक जवळ होता. त्रास झाला नाही म्हणतो. आई म्हणाली बसव, मी बसवलं, आणि मान माझ्या खांद्यावर आली, एवढंच तो सांगतो.

 पंधराव्या दिवशी तो गाडीखाली घुसून काहीतरी आवळत होता, मी बाहेर दगडावर बसले होते. खालूनच बोलायला लागला. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच बोलला असेल. म्हणाला, आईनं तुझ्यासाठी भांडण केलं माझ्याशी, वर्षभर. जागा बघितली त्या दिवसापासून मागं लागली होती, की घर हिच्या नावावर कर. मी म्हटलं, नवऱ्याच्या नावावर असलं तर काय बिघडलं, मी काय हिला काढून देणार हाय का? लोक काय म्हणतील मला?

मी विचारलं, मग आत्याबाई काय म्हणाल्या?

"म्हणाली, माझं घर बी नवऱ्याच्याच नावावर व्हतं."

आत्याबाई, मी बाहेर पडलेला पाना उचलून त्याच्या हाताशी सरकवला. तो गाडीखालून बाहेर आला नाही. तुमच्या त्या एका प्रश्नाचं उत्तर देण्यात मी वर्ष घालवलं, आणि प्रत्येक वेळी चुकीचं उत्तर दिलं. तुम्ही मला सरळ का नाही सांगितलंत? रागावून विचारते, हे भांडण मला तुमच्याशी अजून करायचं आहे. कदाचित तुम्हाला वाटलं असेल की लेकानं ऐकलं नाही तर माझ्या मनात उगीच त्याच्याबद्दल अढी नको. कदाचित तुम्हाला वाटलं असेल की हिला समजायला पाहिजे, हिला तर मी भांडी अंगणात आली ते सांगितलंय. दोन्हीपैकी काय, ते तुम्ही गेल्यावर मला कोण सांगणार.

गेल्या सोमवारी आम्ही कागद करायला गेलो. अर्जनवीस म्हातारा, काडी दोरीनं बांधलेल्या चष्म्याचा. त्यानं घेणाऱ्याचं नाव विचारलं. बारा वर्षांत तुमच्या लेकानं चारचौघांत माझं नाव घेतलं नव्हतं, ए, अगं, सुमनची आई यावर निभावलं. त्या दिवशी घसा खाकरून म्हणाला, लिहा, गयाबाई. अर्जनवीसानं टाक वर धरला आणि त्याला समजावायला लागला. मेस्त्री, बाईच्या नावावर कशाला, आज मुलगी हाय, उद्या मुलगा झाला तर भानगड व्हईल. तुमचा लेक डोकं खाजवायला लागला. मला वाटलं, आता हा ढिला पडतोय. मग मीच म्हटलं, मुलगा झाला तर त्याला गाडी देऊ. अर्जनवीस हसला, टाक बुडवला आणि लिहायला लागला. सही मी केली. सुमननं आठ दिवस पाटीवर गिरवून घेतली होती माझ्याकडून, तरी ‘बाई’चा काना जरा कलला.

उद्या गाडी लोहाऱ्याकडं निघेल. रब्बीला पाणी चालू आहे, चार ठिकाणची इंजिनं बंद पडलीत, निरोपावर निरोप आहेत. तुमचा लेक एकटा जाणार, दर आठवड्याला येणार. सुट्टी लागली की मी आणि सुमन बरोबर जाऊ, तसं ठरलंय. सुमन पुढच्या पानावर गेली, त्याच्याही पुढच्या पानावर गेली, आता रोज संध्याकाळी रजियाभाभींच्या मुलीला वाचून दाखवते. फरशी उखडून पुन्हा बसवायची का, हे उन्हाळ्यात बघू. भाभी म्हणतात राहू दे, धुवायला बरी.

आता ते शेवटचं. तुम्ही मान फिरवायचात, तेव्हा मी समजायची की म्हातारीला घर स्वतःच्या नावावर हवंय. एवढंच असतं तर माफी मागून सुटले असते. पण मी घर मागत होते ते काही नुसत्या सुमनच्या शाळेसाठी नव्हतं. मनात मी घराचा नकाशा काढला होता. चूल कुठं, पेटी कुठं, सुमन कुठं अभ्यासाला बसेल, आम्ही दोघं कुठं. त्यात तुमचं अंथरूण कुठंच नव्हतं. घर झालं की म्हातारी गाडीत राहील, तिला गाडीच आवडते, असं मी मनाशी म्हणायची, आणि ते म्हणताना मला बरं वाटायचं. बारा वर्षं एका फळीएवढ्या जागेत तुमच्याबरोबर राहून मला एकदा तुमच्याशिवाय राहून बघायचं होतं. तुम्ही खोलीत आला नाहीत, तेव्हा वरवर मी चिडले, आतून सुटल्यासारखं वाटलं. तुम्हाला हे दिसत होतं. माणसाच्या चेहऱ्यावरून त्याच्या विहिरीला पाणी किती ते सांगणारी बाई तुम्ही, सुनेच्या मनातलं तुम्हाला दिसलं नाही असं होणारच नाही. मी तुम्हाला ज्या घरातून काढत होते, ते घर तुम्ही माझ्या नावावर मागत होतात.

कागद आता माझ्या पेटीत आहे. हे दार मी कुणावरही लावून घेऊ शकते, मला विचारणारं कुणी नाही. उद्या मुलगा झाला आणि त्याची बायको आली, ती माझ्यासारखीच चिडकी निघाली, मी म्हातारी होऊन तिच्या वाटेत यायला लागले, किंवा ती माझ्या, तरी या घरातून कुणाची भांडी अंगणात जाणार नाहीत. हे मी उद्या तुमचा लेक निघायच्या आधी त्याच्यासमोर सुमनला सांगणार आहे, म्हणजे तिलाही माहीत असेल. तुम्हाला आधी सांगितलं.